संधान

विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावात पुतण्याकडे महिनाभर मुक्काम होता. सप्टेंबरचा पहिला आठवडा. मक्याची शेते पिवळी पडू लागली होती आणि पहाटेच्या हवेत गारवा आला होता. शेजारच्या घराच्या गॅरेजचे दार रोज संध्याकाळी उघडे असे. आत एक सत्तरीचे गृहस्थ टेबलावर वाकून काहीतरी करीत बसलेले दिसत. पहिले दोन दिवस मला वाटले, घड्याळे दुरुस्त करीत असावेत. तसाच मानेजवळ ओढून घेतलेला दिवा आणि बोटांची तशीच सावध हालचाल. तिसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, चला, ओळख करून देतो. शिकारीचा हंगाम जवळ आलाय. ते बाण जुळवताहेत."

बाण म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरची चित्रे येतात. नाहीतर १९८७ सालच्या रविवारच्या सकाळी दूरदर्शनवर आकाशात एकमेकांना भिडणारे ते तेजस्वी बाण. त्यांना टोक कसे बसवलेले असते, कोणी बसवलेले असते, हा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नाही. मंत्र म्हटला की बाण सुटायचा. या गॅरेजमध्ये मात्र मंत्राचे काम नव्हते. टेबलावर बारा काळ्या नळ्या ओळीने मांडलेल्या होत्या, शेजारी पॉलिश पेपर, स्पिरिटची बाटली, कापसाच्या काड्या, आणि आपल्याकडे घरोघरी अॅराल्डाइट म्हणून माहीत असलेल्या जातीचा दोन ट्यूबांतला एपॉक्सी. एका डबीत बोटाच्या पेराएवढे अॅल्युमिनियमचे तुकडे होते. दुसऱ्या डबीचे झाकण त्यांनी मला उघडू दिले नाही. "त्यात पाती आहेत. हात कापून घ्याल."

गृहस्थ कागदाच्या गिरणीत फिटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. विस्कॉन्सिनला धनुष्यबाणाच्या शिकारीची परंपरा जुनी. केवळ धनुर्धारी शिकाऱ्यांसाठी हरणांचा वेगळा हंगाम या राज्याने १९३४ साली ठेवला. आजही तो सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो. परवाना काढावा लागतो आणि मारलेल्या जनावराची नोंद करावी लागते. गृहस्थ वर्षाला एखादे हरिण मारतात, त्याचे मांस हिवाळाभर पुरवून खातात. मी जन्माचा शाकाहारी. त्यांचा उद्योग बघायला बसलो तो निव्वळ कुतूहलाने. उठलो तेव्हा मात्र माझ्या स्वतःच्या भाषेतले दोन शब्द मला नव्याने कळले होते. त्यांचीच ही गोष्ट.

आजचा शिकारीचा बाण म्हणजे कार्बनच्या धाग्यांची, राळेत घट्ट केलेली पोकळ नळी. जाडी आपल्या शिसपेन्सिलीएवढी किंवा तिच्याहून थोडी कमी. मागे तीन पिसे, हल्ली ती बहुधा प्लास्टिकची असतात, आणि शेवटी दोरीवर बसणारी खाच. पुढे टोक. हे टोक नळीत थेट बसत नाही. आधी नळीच्या तोंडात अॅल्युमिनियमचा तो पेराएवढा तुकडा चिकटवायचा. त्याला 'इन्सर्ट' म्हणतात. त्याच्या पोटात आटे पाडलेले असतात, इंचाला बत्तीस. मग सराव करताना साधे गुळगुळीत टोक फिरवून बसवायचे आणि शिकारीला जाताना ते काढून पात्यांचे टोक, म्हणजे 'ब्रॉडहेड', बसवायचे. दोन्हींचे वजन सारखे ठेवतात. बहुधा १०० किंवा १२५ ग्रेन. १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅम. आपला जुना तोळा १८० ग्रेनचा आणि मासा १५ ग्रेनचा, तेव्हा सोनाराच्या भाषेत हे टोक पावणेसात माशांच्या आसपास भरते. या पावणेसात माशांसाठी माणूस संध्याकाळच्या संध्याकाळ घालवतो, याचे मला आधी हसू आले होते.

काम वरवर सोपे. नळी मापाने कापायची, तुकडा चिकटवायचा. पण प्रत्येक पायरीवर एक गोम आहे. नळी करवतीच्या दातांनी कापली तर कार्बनचे धागे फाटतात, म्हणून वेगाने फिरणाऱ्या घासणाऱ्या चकतीने कापायची. नाकावर मास्क लावूनच, कारण ती काळी भुकटी छातीत जाणे बरे नव्हे. कापलेले तोंड काटकोनात आहे असे डोळ्यांना दिसते, पण ते नसते. गृहस्थांनी नळीच्या कडेवर मार्करने काळ्या रंगाचा वळसा दिला आणि एका छोट्या साच्यात ती पॉलिश पेपरवर टेकवून फिरवली. काढून माझ्यासमोर धरली. अर्ध्या वर्तुळावरचा रंग गेला होता, अर्ध्यावरचा तसाच होता. म्हणजे एक बाजू उंच होती. "हे केसाएवढं आहे," ते म्हणाले, "पण टोक याच कडेवर टेकणार." रंग सगळीकडून सारखा जाईपर्यंत त्यांनी नळी फिरवली.

मग सफाई. स्पिरिटमध्ये बुडवलेली कापसाची काडी नळीत घातली ती काळीकुट्ट होऊन बाहेर आली. दुसरी घातली, तिसरी घातली. पाचवी पांढरी निघाली तेव्हा थांबले. का, तर आत धूळ राहिली तर गोंद धुळीला चिकटतो, नळीला नाही. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. इन्सर्टलाही पॉलिश पेपरने ओरखडे काढायचे, कारण गुळगुळीत धातूवर गोंदाला धरायला काही नसते. मागच्या टोकाची खाच आधी काढून ठेवायची. ती तशीच राहिली तर नळीतली हवा कोंडते आणि पिचकारीच्या दट्ट्यासारखा इन्सर्ट हळूच बाहेर ढकलते. रात्री नीट बसवलेला तुकडा सकाळी अर्धा मिलिमीटर वर आलेला असतो. गोंद लावून तुकडा आत घालताना सरळ दाबायचा नाही, फिरवत फिरवत न्यायचा, म्हणजे गोंद सगळीकडे सारखा पसरतो. ओघळ पुसायचा. नळी टोकाकडची बाजू खाली करून उभी ठेवायची, नाहीतर गोंद आत वाहत जातो आणि वजन बिघडते. आणि चोवीस तास तिला हात लावायचा नाही.

लाकडी बाण वापरणारे हौशी लोक अजून आहेत. ते काठीचे तोंड पेन्सिलीसारखे ५ अंशांत निमुळते करतात आणि राळेच्या जातीचा गोंद दिव्यावर वितळवून त्यावर टोक बसवतात. हे ऐकले आणि मला आमच्या गावचा शिकलगार आठवला. सुरीच्या शेपटाला तो अशीच लाख तापवून मूठ बसवायचा. अॅल्युमिनियमच्या नळीलाही हा तापवायचा गोंद चालतो. कार्बनला मात्र जपावे लागते. नळी जास्त तापली की धागे धरून ठेवणारी राळच मोडते, आणि ते वरून दिसत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? वीस-पंचवीस मीटरवरून मारायचे, त्यात केसाएवढ्या तिरकेपणाने काय बिघडते? गृहस्थांनी यावर एक साधे टोक लावलेला बाण उचलला. "याला पंख मागे आहेत," ते म्हणाले. मग पात्यांचे टोक दाखवले. "याला पुढेही आहेत."

खरी मेख इथे आहे. साधे टोक हवा कापत जाते. ते थोडे वाकडे असले तरी मागची पिसे बाण सावरून घेतात. पात्यांचे टोक म्हणजे बाणाच्या नाकावर बसवलेले दोन-तीन चिमुकले पंख. ते सरळ असतील तोवर काही बोलत नाहीत. जरा तिरके बसले की ते बाणाला आपल्या दिशेने ओढू लागतात. मागची पिसे एकीकडे, पुढची पाती दुसरीकडे. आजच्या चाकांच्या धनुष्यातून बाण सेकंदाला ऐंशीच्या आसपास मीटर वेगाने सुटतो, म्हणजे वीस मीटर अंतर पाव सेकंदात संपते. या पाव सेकंदात कोणाचे चालते, यावर बाण कुठे लागेल ते ठरते. त्यातून बाण काही काठीसारखा ताठ जात नाही. सुटताना दोरीचा धक्का बसला की तो मध्ये वाकतो आणि माशासारखा वळवळत पुढे जातो. डोळ्यांना न दिसणारी ही गोष्ट अमेरिकेत १९३०च्या दशकात अतिवेगवान छायाचित्रणाने स्पष्ट दिसली. टोक जितके जड तितकी नळी जास्त वाकते. म्हणून टोकाचे वजन आणि नळीचा ताठपणा यांचेही आधी जमावे लागते. आणि या सगळ्या वळवळीत टोक धरून ठेवायची जबाबदारी असते त्या पेराएवढ्या सांध्यावर.

आता ज्याच्यावर हे सारे रोखलेले आहे त्या जनावराकडे येऊ. बंदुकीची गोळी आणि बाण यांचे मारणे वेगळे आहे. गोळीचा धक्का मोठा असतो. बाणात तेवढा धक्का नसतो, तो कापतो, आणि जनावर रक्तस्रावाने मरते. म्हणूनच पाती दाढीच्या ब्लेडइतकी धारदार लागतात. हरणाच्या दोन्ही फुप्फुसांतून बाण आरपार गेला तर ते काही सेकंद धावते आणि कोसळते. ही जागा जेवणाच्या ताटाएवढी आहे. तिच्याबाहेर, पोटात किंवा मांडीत, बाण लागला तर ते हरिण झाडीत निघून जाते आणि मरायला त्याला कित्येक तास, कधी दिवस लागतात. कधी मरतही नाही, जखम घेऊन जगते. गॅरेजमधल्या टेबलावर केसाएवढे काही चुकले तर त्याची किंमत तिकडे अशी मोजली जाते.

मी विचारले, "तुमच्या हातून कधी झालं असं?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकदा. तीस वर्षं झाली असतील." तेव्हा ते अॅल्युमिनियमच्या नळ्या वापरत. हंगामाच्या आदल्या रात्री गिरणीतून उशिरा घरी आले आणि घाईघाईत गोंद वितळवून टोके बसवली. आतून पुसायचे राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरिण समोर आले. नेम चुकला नव्हता, पण बाण खांद्याच्या हाडाच्या कडेला लागला. हरिण उडाले आणि पळाले. गृहस्थ झाडावरून उतरले, तेव्हा दहा पावलांवर नळी पडलेली होती. अख्खी, सरळ, जवळजवळ कोरडी. तिच्या पुढच्या तोंडात काहीच नव्हते. टोक इन्सर्टसकट निघून हरणाच्या अंगात राहिले होते. दोन दिवस ते जंगलात शोधत फिरले. हरिण सापडले नाही.

"मी ते मारलंही नाही आणि सोडलंही नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या नळीला स्पिरिट लावू लागले.

त्या रात्री मला झोप लागेना. डोक्यात एक शब्द घोळत होता, शल्य. आपण मनातले शल्य म्हणतो, शल्य बोचते म्हणतो. आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एका खोलीवर 'जिल्हा शल्यचिकित्सक' अशी पाटी असते. त्या पाटीखालून आपण किती वेळा गेलो असू. शल्य म्हणजे बाणाचे टोक. शरीरात घुसून राहिलेले, बाहेर न निघणारे टोक. पुढे या शब्दाचा अर्थ वाढला आणि शरीरात रुतून त्रास देणाऱ्या कोणत्याही वस्तूला शल्य म्हणू लागले. ते काढण्याचे शास्त्र ते शल्यतंत्र. आपल्या परंपरेत शस्त्रक्रियेच्या विद्येला जे नाव मिळाले ते असे बाणाच्या टोकावरून मिळाले आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात यावर दोन अध्यायच आहेत. २६वा हरवलेले शल्य कसे शोधावे याचा, २७वा ते कसे काढावे याचा. क्ष-किरण नसलेल्या काळातला वैद्य काय करी, ते वाचून थक्क व्हायला होते. शल्य त्वचेत असेल तर अंगाला थिजलेले तूप किंवा लेप लावायचा. जिथे उष्णतेने तूप आधी वितळेल किंवा लेप आधी वाळेल, तिथे टोक आहे असे समजायचे. ते शिरांत असेल तर रुग्णाला मोडक्या चाकाच्या गाडीत बसवून खडबडीत वाटेने न्यायचे आणि हिसक्यासरशी कुठे दुखते ते पाहायचे. काढण्याच्या पंधरा वाटा सांगितल्या आहेत, त्यांत लोहचुंबकही आहे. टोक हाडात रुतले असेल तर ते झाडाच्या वाकवलेल्या फांदीला किंवा घोड्याच्या लगामाला बांधायचे आणि फांदी सोडून द्यायची किंवा घोड्याला चाबूक मारायचा. शिवाय काही मर्मे अशी सांगितली आहेत की शल्य आत असेतो माणूस जगतो आणि उपटले की मरतो. आजही प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवतात की शरीरात घुसलेली वस्तू रस्त्यात उपटू नका. वाल्मीकींच्या रामायणात दशरथाच्या बाणाने घायाळ झालेला मुनिकुमार राजाला हेच संकट घालतो. बाण आत ठेवावा तर वेदना, काढावा तर मृत्यू. शेवटी त्याच्याच सांगण्यावरून राजा बाण काढतो आणि मुलगा प्राण सोडतो. तो बाण नेमका लागला होता, पण हत्तीचा म्हणून ऐकलेला तो आवाज घागर भरण्याचा होता.

टोक आत आणि काठी बाहेर, याचा फार जुना साक्षीदार युरोपात सापडला आहे. १९९१च्या सप्टेंबरात ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात एका माणसाचा देह मिळाला. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा निघाला. त्याला 'ओट्झी' म्हणतात. त्याच्या भात्यात चौदा बाण होते, पैकी फक्त दोन पुरे झालेले. त्यांची गारगोटीची टोके भूर्ज वृक्षाच्या डांबराने चिकटवून वर धाग्याने आवळली होती. त्यांतल्या एका बाणाला पुढे वेगळ्या लाकडाचा तुकडा जोडलेला होता. दहा वर्षे शास्त्रज्ञ हा देह तपासत होते, आणि २००१ साली क्ष-किरणात दिसले की त्याच्या डाव्या खांद्यात बाणाचे टोक आहे. काठी नव्हती. कोणीतरी ती उपटून काढली होती, टोक तिथेच राहिले. सुश्रुताच्या शब्दांत सांगायचे तर हे नष्ट शल्य, सापडायला पाच हजारांहून अधिक वर्षे लागलेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हे सारे गृहस्थांना सांगितले. ते लक्ष देऊन ऐकत होते. पुढच्या वेगळ्या लाकडाचे नाव काढताच ते म्हणाले, "तसा बाण इशीचाही होता."

इशीची गोष्ट अमेरिकेतल्या धनुर्धाऱ्यांना तोंडपाठ आहे. कॅलिफोर्नियातल्या याही नावाच्या जमातीची गोऱ्यांनी कत्तल केली. त्यांतला उरलेला शेवटचा माणूस १९११च्या ऑगस्टमध्ये ओरोव्हिल गावाजवळ भुकेने व्याकूळ अवस्थेत सापडला. आपले नाव त्याने सांगितले नाही. 'इशी' म्हणजे त्याच्या भाषेत नुसते 'माणूस'. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला आणि १९१६ साली क्षयाने गेला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप हे शल्यचिकित्सक होते. वैद्याने रोग्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली. इशीच्या बाणाची मुख्य काठी हलकी असे आणि पुढे कठीण लाकडाचा वेगळा तुकडा बसवलेला असे. त्याच्या तोंडाशी ज्वालाकाचेचे, कधी चक्क बाटलीच्या काचेचे टोक, राळेने आणि स्नायूंच्या धाग्यांनी पक्के केलेले. टोक मोडले, पुढचा तुकडा फुटला, तरी मेहनतीने सरळ केलेली काठी वाया जात नसे. आजचा अॅल्युमिनियमचा इन्सर्ट वेगळे काय करतो? पोप यांनी १९२३ साली धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि त्यातून अमेरिकेत हा छंद नव्याने रुजला. आज जे लाखो लोक गॅरेजमध्ये बसून टोके जुळवतात, त्यांच्यापर्यंत ही विद्या एका संपवलेल्या जमातीच्या शेवटच्या माणसाकडून आली आहे. गृहस्थांनी हे सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात अभिमान नव्हता.

मग मी मनातले विचारूनच टाकले. मारायचेच कशाला? ते चिडले नाहीत. म्हणाले, हा प्रश्न त्यांची मुलगीही विचारते. जगही या बाबतीत एकमताचे नाही. ब्रिटनमध्ये बाणाने हरिण मारणे गुन्हा आहे. जर्मनीतही बंदी आहे. फ्रान्सने १९९५ साली परवानगी दिली. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे दार बंद केले, आणि ते बंद असावे असेच मला वाटते. अमेरिकेत मात्र शिकारीच्या सामानावर १९३७पासून केंद्रीय कर आहे. १९७२ साली धनुष्यबाणही त्याच्या कक्षेत आले आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. गृहस्थांचे उत्तर साधे होते. "दुकानातलं मांसही कोणीतरी मारलेलंच असतं. इथे निदान कसं मारलं, त्याचा जाब मला देता येतो." मला हे पुरते पटले नाही. पण प्रश्न मी पुन्हा विचारला नाही, कारण तो जाब ते रोज संध्याकाळी देत होते, हे मला दिसत होते.

बाणाला काही नियम असावेत ही जाणीवही नवी नाही. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत टोकाची रुंदी किमान ७/८ इंच हवी असा नियम आहे, म्हणजे जखम अपुरी होऊ नये. आणि काही राज्यांत मागे वळलेल्या काट्यांचे, म्हणजे आत गेल्यावर परत निघू न शकणारे, टोक वापरायला बंदी आहे. शांतिपर्वात शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला युद्धाचे नियम सांगतात. त्यांत एक हाच आहे. बाण विषारी नसावा आणि कर्णी, म्हणजे मागे काटे असलेला, नसावा. अंगभर बाण रुतलेल्या माणसाने हे सांगावे, याला अर्थ आहे.

बोलता बोलता चोवीस तास उलटून गेले होते. गृहस्थांनी कुलपाची डबी उघडली, छोट्या पान्याने एकेक पात्यांचे टोक घट्ट केले. पाती बोटांनी फिरवायची नाहीत, हा त्यांचा पहिला नियम. मग बाण दोन रुळांच्या घोडीवर ठेवून त्याला गरकन फिरवले. पाती दिसेनाशी झाली आणि टोकाचा फक्त एक स्थिर ठिपका उरला. "हा चांगला." दुसराही चांगला. तिसरा फिरवला आणि ठिपक्याच्या जागी एक बारीकसे वर्तुळ दिसू लागले.

भोवऱ्याला आर बसवलेल्या माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. आर वाकडी ठोकली गेली की भोवरा एका जागी शांत फिरत नाही, हातावर घेतला तर खरखरतो. लहानपणी आम्ही दगडावर ठोकून ठोकून आर सरळ करायचो. गृहस्थांनी ठोकाठोक केली नाही. तिसऱ्याचे टोक काढून पहिल्या बाणाला लावले आणि फिरवले. ठिपका स्थिर. म्हणजे टोक निर्दोष होते, खोट सांध्यात होती. नळीच्या कडेवर त्यांनी पुन्हा मार्करचा वळसा दिला, भिंगातून पाहिले, मान हलवली. एपॉक्सी एकदा बसला की तो सांधा सरळ करता येत नाही. त्यांनी त्या नळीवर लाल चिकटपट्टी गुंडाळली. आता तिला फक्त सरावाचे साधे टोक लागणार. बारांतल्या तीन नळ्यांना अशा लाल पट्ट्या लागल्या. उरलेल्या नऊ त्यांनी कानाशी धरून हळूच वाकवून पाहिल्या. कुठे बारीक करकर ऐकू आली तर कार्बनला चीर आहे, आणि असा बाण सुटताना फुटून हातात घुसतो. एक तशी निघाली. तिचे तुकडे करून कचऱ्यात टाकले, चुकूनही कोणी वापरू नये म्हणून. बाकीच्यांना साधी टोके लावून ते अंगणात गेले आणि प्रत्येक बाण फोमच्या ठोकळ्यावर तीन-तीनदा मारून, ओढून काढला. सांधा कच्चा असेल तर टोक ठोकळ्यात राहते आणि नळी हातात येते. तीस वर्षांपूर्वीचे ते जंगलातले दृश्य आधी अंगणातच घडून जावे, अशी ही व्यवस्था. त्या दिवशी तसे काही झाले नाही. अखेर सहा बाण निवडले.

आपल्या भाषेत बाण दोरीवर चढवून नेम धरण्याला शरसंधान म्हणतात. संधान साधले म्हणजे नेम साधला. पण संधान या शब्दाचा मूळ अर्थ जोडणे. सांधा आणि संधान एकाच घरचे. हनुमंताने आणलेल्या ज्या चार वनस्पती रामायणात सांगितल्या आहेत, त्यांत एक विशल्यकरणी, रुतलेले टोक काढणारी, आणि एक संधानकरणी, तुटलेले जोडणारी. लहानपणापासून ही नावे ऐकली होती. दोरी ओढण्याच्या क्षणी जे होते ते संधान, एवढेच मला माहीत होते. खरे संधान त्याच्या कितीतरी आधी होऊन जाते. एका टेबलावर, कापसाची पाचवी काडी पांढरी निघेपर्यंत. बाण सुटल्यावर करण्यासारखे काही उरत नाही, हे आपण म्हणीत ऐकतो. ते आधी करून ठेवायचे असते, एवढे मात्र म्हण सांगत नाही.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी गृहस्थ पहाटे चारला गेले. संध्याकाळी परतले तेव्हा गाडीत हरिण नव्हते. मी कुंपणापाशी गेलो. भात्यात सहाच्या सहा बाण होते.

"दिसलंच नाही का?"

"दिसलं. अठरा मीटरवर होतं. पण माझ्याकडे तोंड करून तिरपं उभं होतं. बाण पुढच्या हाडावर गेला असता." ते गॅरेजच्या दिव्याखाली बसले आणि पान्याने एकेक टोक काढून डबीत ठेवू लागले. "दहा मिनिटं उभं होतं. मग गेलं."

सहा टोके मोजून झाली. डबीचे झाकण लावून त्यांनी ती वरच्या फळीवर ठेवली आणि पहिला बाण पुन्हा स्पिरिटने पुसायला घेतला.